इंग्रज धावतो तिथे आपण चालतो

या वेळचं पत्र इंग्लंडहून आलंय. लांबलचक आहे, म्हणून कामापुरतं देते:

‘ताई, मी सांगली जिल्ह्यातल्या खेड्यातली. बारावीपर्यंत मराठी माध्यम, मग नर्सिंग. भाषेची परीक्षा पास होऊन चार महिन्यांपूर्वी इथल्या एका रुग्णालयात रुजू झाले. मध्यंतरी रात्रपाळीला एक आजोबा मला म्हणाले, “आय हॅव हॅड द रन्स ऑल नाइट, लव्ह.” तेव्हा ऑस्ट्रेलियात इंग्लंडची कसोटी चालू होती आणि आजोबा उशाशी छोटा रेडिओ घेऊन झोपायचे. मला वाटलं, स्कोअर सांगतायत. मी हसून विचारलं, “हाऊ मेनी रन्स?” ते म्हणाले, “सिक्स, सो फार.” मी म्हटलं, “व्हेरी गुड!” आणि पुढच्या खाटेकडे गेले. सकाळी हॅन्डओव्हरच्या वेळी कळलं, त्यांना रात्रभर जुलाब होत होते. सगळे हसले. बरोबरची एक जण अजून मला “हाऊ मेनी रन्स” म्हणून हाक मारते. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात “रन”चे ६४५ अर्थ आहेत असं वाचलं. रोज पंचवीस पाठ करायला घेतलेत, पण दहाव्या दिवशी पहिल्या दिवसाचं काही आठवत नाही. मराठी माध्यमातल्या मुलीनं ही भाषा शिकूच नये का? – धावून दमलेली’

धावून दमलेल्या मुली,

तुला ‘तू’ म्हणते, माझ्या भाचीच्या वयाची असशील. आणि आधीच कबूल करते, तुझं पत्र वाचून मीही हसले. पण तुझ्या सोबतिणी हसल्या तशी नाही. मला गंमत वाटली ती या गोष्टीची, की तुमचं दोघांचं संभाषण जवळजवळ बिनचूक झालं. जुलाब होतायत म्हणणाऱ्या रुग्णाला पहिला प्रश्न काय विचारायचा? किती वेळा. तू तेच विचारलंस. त्यांनी नेमका आकडा दिला. चुकलं ते फक्त शेवटचं ‘व्हेरी गुड’. बिचाऱ्या आजोबांना काय वाटलं असेल!

आता तुझा हिशोब. रोजचे पंचवीस म्हणजे सव्वीस दिवसांत ६४५ अर्थ संपतात, गणित बरोबर आहे. तो आकडाही खोटा नाही. ऑक्सफर्ड कोशाची पहिली आवृत्ती १९२८ साली पुरी झाली, दुसरी १९८९ साली निघाली. त्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत फुगलेला शब्द ‘सेट’ होता, नुसत्या क्रियापदाचे ४३० अर्थ. पुढे नव्या आवृत्तीसाठी ‘रन’ तपासायला घेतला तेव्हा त्यानं ‘सेट’ला मागे टाकलं. ६४५ हा आकडाही नुसत्या क्रियापदाचा. क्रिकेटची रन किंवा तुझ्या आजोबांच्या ‘रन्स’ ही नामं, ती त्यात धरलेलीच नाहीत. पीटर गिलिव्हर नावाचे संपादक या एका शब्दावर नऊ महिन्यांहून जास्त काळ बसले होते. त्यांचं ते काम होतं, त्याचा त्यांना पगार होता. तू बारा तासांची पाळी करून घरी येतेस आणि भात कुकरला लावून पाठांतराला बसतेस. कशाला?

हा कोश काय आहे तेही समजून घे. तो भाषेचं जुनं दप्तर आहे. एकदा नोंद झालेला अर्थ तिथून निघत नाही, मग तो वापरणारा शेवटचा माणूस जाऊन तीनशे वर्षं झाली असली तरी. त्या ६४५ मधले कितीतरी अर्थ तुझ्या वॉर्डातल्या कुणालाही ठाऊक नसतील. त्यांचं कुठं काय अडतंय?

पाठांतर थांबव. त्याऐवजी बरीच वर्षं इंग्रजी शिकवल्यावर मला उमगलेली एक गोष्ट सांगते. इंग्रज जिथे धावतो तिथे मराठी माणूस चालतो. त्यांचं दुकान धावतं, आपलं चालतं. त्यांचं नाटक वर्षभर धावतं, आपलं चालतं. पंखा, इंजिन, लोकल गाड्या, संगणकावरचा प्रोग्रॅम, घरसंसार, सगळं तिकडे ‘रन’ होतं आणि आपल्याकडे ‘चालतं’ किंवा ‘चालवलं जातं’. ‘द क्लिनिक इज रनिंग लेट’ म्हणजे ओपीडी उशिरानं चाललीय. ‘हू रन्स धिस वॉर्ड?’ म्हणजे हा वॉर्ड कोण चालवतं. शाळेत आपल्याला ‘रन म्हणजे धावणे’ असं घटवून घेतलं आणि तिथेच सगळं फसलं. ‘रन म्हणजे चालू असणे, धावणे हा त्यातला एक प्रकार’ असं कुणी सांगितलं असतं तर निम्मं ओझं तेव्हाच उतरलं असतं. (उलटा नियम मात्र लावू नकोस. ‘आज डोकं चालत नाही’ याला इंग्रजीत ‘रन’ अजिबात चालत नाही.)

हा ‘रन’चा पहिला कप्पा, चालण्याचा. दुसरा कप्पा वाहण्याचा. नाक वाहतं, डोळ्यांतून पाणी वाहतं, नळ वाहतो, अंड्याचा बलक कच्चा राहिला की वाहतो, नवा लाल कुर्ता पांढऱ्या कपड्यांत पडला की त्याचा रंग वाहतो. या सगळ्याला ‘रन’. एखाद्या आजीनं ‘वुड यू रन मी अ बाथ?’ म्हटलं तर नळ सोडून टब भरून द्यायचा, बाथरूमकडे पळायचं नाही. तुझे आजोबा बसतात ते याच कप्प्यात. ‘द रन्स’ म्हणजे धावा नव्हेत, ते वाहणं आहे. (त्याच दुखण्याला तिकडे ‘द ट्रॉट्स’ असंही म्हणतात. ट्रॉट म्हणजे घोड्याची दुडकी चाल. वाहण्यावरून पुन्हा पळण्यावर आले ते. संडासाकडे जायची चाल डोळ्यांसमोर आण, म्हणजे विसरणार नाहीस.)

तिसरा कप्पा संपण्याचा. त्यात ‘रन’ एकटा येत नाही, शेपूट घेऊन येतो. ‘रन आउट’, ‘रन लो’, ‘रन शॉर्ट’, ‘रन ड्राय’. गोळ्या संपल्या, संपत आल्या, कमी पडल्या, पार आटल्या. रुग्ण ‘आय फील रन डाउन’ म्हणाला तर त्याला कुठल्या गाडीनं उडवलेलं नाही, त्याच्या अंगातली बॅटरी उतरलीय. आणि ‘इट रन्स इन द फॅमिली’ म्हणजे मधुमेह त्यांच्या घराण्यातच आहे. तिथे मराठी माणूस धावत नाही, चालत नाही, वाहत नाही. तो म्हणतो, ‘आमच्याकडे सगळ्यांना आहे.’

वॉर्डात तुझ्या कानावर पडणाऱ्या बऱ्याचशा ‘रन’ची सोय एवढ्यात लागते. सगळ्या नाही. ‘शी इज रनिंग अ टेम्परेचर’ मला आजवर कुठल्याच कप्प्यात नीट बसवता आलेलं नाही. तिला ताप आहे, एवढंच लक्षात ठेव आणि पुढे जा.

आता जिथे खरी गुंतागुंत आहे तिथे जरा थांबू. मी वर शेपटाबद्दल बोलले. कुणी तुला सांगेल की शेपूट बघितलं की अर्थ कळतो. ते अर्धंच खरं आहे. एकाच शेपटाची गंमत बघ. सिस्टर सलाईनच्या एक लिटरच्या पिशवीकडे बोट दाखवून म्हणते, ‘रन धिस ओव्हर एट.’ म्हणजे ही पिशवी आठ तासांत जाऊ दे, तासाला १२५ मिलिलिटर. हे तुझ्या हातातलं काम, तू डोळे मिटून करशील. त्याच दिवशी अपघात विभागातून फोन येतो की रुग्ण ‘गॉट रन ओव्हर बाय अ व्हॅन’. इथे व्हॅन अंगावरून गेलीय. दुपारी कुणी म्हणतं, ‘द मीटिंग रॅन ओव्हर’, म्हणजे बैठक वेळेबाहेर लांबली. आणि संध्याकाळी सिस्टर यादी घेऊन येते, ‘लेट्स रन ओव्हर धिस वन्स मोअर’, पुन्हा एकदा नजर टाकू. चारही ठिकाणी ‘रन’ आणि ‘ओव्हर’. मग ओळखायचं कशावरून? कोण धावतंय आणि कशावर, त्यावरून. पिशवी आणि तास, व्हॅन आणि माणूस, बैठक आणि घड्याळ, नजर आणि यादी. आजूबाजूला कोण बसलंय ते बघायचं. कोश शब्दाला एकटा पकडून आणतो, म्हणून पाठांतर टिकत नाही.

आणि हे तुला नवीन नाही. तू हे रोज करतेस, फक्त मराठीत. ‘लागणे’ घे. समज, तुझे ते आजोबा मराठी शिकून सांगलीच्या एखाद्या दवाखान्यात कामाला लागले. (बघ, आलाच.) पहिल्याच तासात त्यांच्या कानावर काय काय पडेल? बाईंना भूक लागली. सहा नंबरला झोप लागत नाही. बाळाला ठसका लागला. काकांना रक्त लागेल. पोराला ढाळ लागले. रिपोर्टला वेळ लागेल. त्याचा निकाल लागला, त्याला नोकरी लागली, त्याला दारूचा नाद लागला, आणि तो माझा चुलत मेहुणा लागतो. एसटी स्टँडवर गेले तर आणखी पंचाईत. ‘कोल्हापूर गाडी लागली का?’ म्हणजे फलाटाला आली का, आणि शेजारची बाई म्हणते, ‘मला गाडी लागते,’ म्हणजे तिला उलटी होणार आहे. आजोबा तिला आनंदानं ‘व्हेरी गुड’ म्हणतील.

मोल्सवर्थ नावाच्या इंग्रजानं १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढला, १८५७ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती आली. त्यात ‘लागणें’ उघडून बघ एकदा. साहेबाला एवढा घाम फुटायला लावणारं क्रियापद तू दुसरीतिसरीत असताना बिनदिक्कत वापरत होतीस, आणि कुणी तुला त्याची यादी दिली नव्हती. मराठी माध्यमानं तुझं काय बिघडवलं, ते मला तरी तुझ्या पत्रात सापडलं नाही.

एक माझीच गोष्ट सांगते, म्हणजे तुला एकटीला वाटायचं नाही. कॉलेजात शिकवायला लागून दोन वर्षं झाली होती. मी एका इंग्रजी दैनिकाला लेख पाठवला. महिन्याभरानं पोस्टकार्ड आलं, त्यात एक ओळ होती, ‘वी आर अफ्रेड वी वोन्ट बी एबल टु रन इट.’ मी, इंग्रजीची एमए, त्याचा अर्थ काय लावावा? रन इट म्हणजे पळवणे. आम्ही तुमचा लेख पळवू शकणार नाही. मला वाटलं, किती सज्जन माणसं, चोरी करणार नाही असं कळवतायत! छापून यायची वाट बघत मी सहा महिने रोज तो पेपर विकत घेतला. शेवटी एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं कार्ड वाचलं आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की ‘वृत्तपत्र लेख रन करतं म्हणजे छापतं’ हे मी या जन्मात विसरणार नाही.

तुझ्या बाबतीत हेच झालंय. ‘द रन्स’ तू आता कधी विसरशील का? पंचवीसच्या पंचवीस अर्थ दहा दिवसांत उडाले, आणि हा एक अर्थ मात्र तुला पत्र लिहायला लावतोय. म्हणून एक वही कर, पण अर्थांची नको. वाक्यांची. जे ऐकलंस ते जसंच्या तसं, कोण म्हणालं आणि तेव्हा समोर काय चाललं होतं, एवढं लिही. ‘सिस्टर, औषधांच्या ट्रॉलीपाशी: कॅन आय रन समथिंग पास्ट यू?’ आणि खाली मराठीत, ‘जरा विचारायचं होतं, तुझं मत सांग.’ दिवसाला दोन वाक्यं पुरेत. सुट्टीच्या दिवशी एकही नको.

अमेरिकन मालिका बघून वाक्यं उचलत असशील तर तेवढं जपून. लांब मोज्याची वीण उसवून उभी रेघ गेली की अमेरिकन बाई तिला ‘रन’ म्हणते आणि इंग्रज बाई ‘लॅडर’. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीत धावतो, इंग्लंडमध्ये उभा राहतो. या एका बाबतीत सांगली आणि लंडन एका बाजूला आहेत.

आणि आपण भारतातून नेलेले ‘रन’ही तपासून घे. ‘रनिंग नोज’ आपल्याकडे डॉक्टरसुद्धा म्हणतात, तिकडे ‘रनी नोज’. ‘लूज मोशन’ तर तिथल्या रुग्णाच्या तोंडी येतच नाही, म्हणूनच तू त्या शब्दाची वाट बघत राहिलीस आणि आला भलताच. सुतार ‘रनिंग फुटाचा’ भाव सांगतो, मुंबईकर लोकल ‘रनिंगमध्ये’ पकडतो, जुनी गाडी घेताना आपण ‘रनिंग किती झालंय’ विचारतो. हे आपले आहेत, छान आहेत, पण तिथल्या वॉर्डात त्यांचा उपयोग नाही.

आता जरा कान धरते. तुझ्या पत्रात मला खटकलं ते इंग्रजी नव्हे. रात्रीत सहा वेळा जुलाब झालेल्या रुग्णाचं पुढे काय करायचं असतं हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. शौचाचा नमुना, वेगळी खोली, शौचाचे सात प्रकार दाखवणाऱ्या त्या ब्रिस्टल तक्त्यात नोंद, पाणी किती पोटात जातंय त्यावर लक्ष. हे सगळं सकाळपर्यंत लांबलं, आणि लांबलं ते एक शब्द अडला म्हणून नाही. शब्द नीट कळला नसतानाही तू हसून पुढे गेलीस म्हणून. खरं सांग, ‘सिक्स’ ऐकल्यावर मनात क्षणभर पाल चुकचुकली नव्हती का? आख्ख्या रात्रीत इंग्लंडच्या सहाच धावा?

ही सवय आपल्या सगळ्यांची आहे. न कळलं तरी मान डोलवायची. समोरच्याला आपली मान हो म्हणते की नाही म्हणते तेही धड कळत नाही. वॉर्डात ही सवय सोड. त्यासाठी मोठं इंग्रजी लागत नाही. ‘सॉरी, व्हॉट डू यू मीन बाय दॅट?’ किंवा ‘कॅन यू से दॅट अनदर वे?’ रुग्णाच्या बाबतीत सरळ आपला अंदाज समोर ठेव, ‘डू यू मीन डायरिया?’ तो हो किंवा नाही म्हणेल, फार तर हसेल. आणि सिस्टरनं आकडा असलेली कुठलीही सूचना दिली की ती परत म्हणून दाखव, ‘वन लिटर, ओव्हर एट अवर्स, येस?’ त्यात तुझा कमीपणा दिसत नाही. चांगली नर्स, मग ती लंडनची असो नाहीतर तासगावची, हे करतेच.

चिडवणारीचं म्हणशील तर पहिले चार दिवस सगळ्यांबरोबर तूही हस. त्यानंतरही थांबली नाही तर एकदा चहाच्या वेळी शांतपणे सांग, ‘दॅट जोक हॅज रन इट्स कोर्स.’ म्हणजे त्या विनोदाचं आता आयुष्य संपलं. चालणे आणि संपणे, दोन्ही कप्पे एका वाक्यात. तुझ्या तोंडून हे ऐकल्यावर ती पुन्हा त्या नावानं हाक मारेल असं मला वाटत नाही. मारलीच तर वॉर्डच्या मुख्य सिस्टरशी बोल. आठवडेच्या आठवडे एकाच माणसाला एकाच चुकीवरून टोचणं याला थट्टा म्हणत नाहीत, आणि ते निमूट सोसायला तू तिकडे गेलेली नाहीस.

वहीचं पहिलं पान भरलं की फोटो पाठव. आणि एवढं मोठं पत्र लिहिलंस, पण ते आजोबा बरे होऊन घरी गेले का, ते लिहायचं राहिलंच. तेही कळव.